पूर्ण घर, माणसं तीन

कोपर, डोंबिवली पश्चिम
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. संचिता हिस,

अनेक आशीर्वाद. हे रीतीप्रमाणे. यापुढे जे लिहिणार आहे त्यात आशीर्वाद शोधू नकोस, सापडायचे नाहीत.

फोन मी उचलणार नाही. कालपासून तुझे आणि संदेशचे फोन वाजताहेत. उशी असती तर मोबाइल उशीखाली दडपून ठेवला असता. पण उशीही तुमच्या ट्रकमधून घोडबंदर रोडला गेली आहे.

तुझं ऑफिस इथल्या, डोंबिवलीच्या मानपाड्याहून घोडबंदरला हललं, रोज इथून तिथे जाण्यात तुझा जीव निम्मा होत होता, म्हणून तुम्ही दोघांनी तिकडे घर घेतलं भाड्याने. त्यावर मी कधी एक शब्द बोलले? नाही. तुमच्या खोलीतलं सामान जायचं, बाकी घर आणि मी इथेच, असं तुमचं ठरलं. तुमचं म्हणजे तुमच्या दोघांचं. मला सांगितलंत तेव्हा मी चहा गाळत होते आणि "बरं" म्हणाले. ठीक.

काल सकाळी मी बँकेत गेले होते, हयातीचा दाखला द्यायला. शाळेची पेन्शन खाते म्हणून दर नोव्हेंबरात मला मी जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. ते सिद्ध करून, अंगठा देऊन, येताना भाजी घेऊन दुसरा मजला चढून आले, तर घर नाही! म्हणजे भिंती आहेत, दार आहे, पण आत काही नाही. माझी खुर्ची नाही. माझा पलंग नाही. खिडकीचे पडदे नाहीत. कुकर तेवढा राहिला होता, कारण तो गरम होता. तुळस राहिली, कारण "झाडं आम्ही नेत नाही" असं त्या पॅकर्सच्या मुकादमाने सांगितलं म्हणे. आणि तुझा नवरा? तो खाली गेटपाशी उभा राहून फोनवर बोलत होता. तो वर आला तेव्हा ट्रक निघून गेला होता. माझ्या तोंडाकडे बघून म्हणतो, "अगं आई, मी त्यांना फक्त म्हटलेलं की बिल पूर्ण घराचं बनवा!" तर त्यांनी पूर्ण घर उचललं. कामाची माणसं ती. लिहिलं तसं केलं.

खुर्ची, पलंग जाऊ दे. संचिता, देव गेले.

देव्हाऱ्यासकट गेले. खंडोबाचा, भवानीचा आणि वीराचा, असे तिन्ही टाक. तुझ्या माहेरी टाक नाहीत म्हणून तुला लग्नानंतर मी एकदा सांगितलं होतं, पुन्हा सांगते. चांदीच्या पत्र्यावर उठवलेले ते कुळाचे देव आहेत. मुकादमाने जो कागद मागे ठेवला त्यावर त्यांची नोंद आहे, "शोपीस, नाजूक". भवानीला त्याने बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. आणि त्याच कागदावर सगळ्यात वर लिहिलं आहे, "पूर्ण घर, माणसं तीन".

आपल्या घरची रीत अशी आहे की देव उगाच हलवत नाहीत. हलवायचे तर घरात दिवा लावायचा, आणि घरातल्या थोरल्या माणसाने ते स्वतःच्या हातांनी उचलून उंबरा ओलांडायचा. देव ज्या घरी, ते कुळाचं घर. ते ज्याच्या हातून गेले तो घरचा कर्ता. तुझ्या सासऱ्यांना त्यांच्या थोरल्या भावाने असेच दिले. गावाहून एसटीने येताना सासरे हे टाक मांडीवर घेऊन बसले होते, वाटेत उतरून चहासुद्धा प्यायले नाहीत. त्या हिशेबाने पाहिलं तर आपल्या घराचा कर्ता आता तो पॅकर्सचा मुकादम आहे. बुधवारी, सव्वीस तारखेला चंपाषष्ठी येते. खंडोबाची तळी उचलायला त्यालाच बोलवा.

काल संध्याकाळी समोरच्या गंगुबाई आल्या. रिकामं घर पाहून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय गो बाय, देवांना न्हेला न् तुला ठेवली?" त्या थट्टेने म्हणाल्या. त्यांच्याकडची सतरंजी आणि उशी घेऊन मी झोपले.

देव परत पाठवा. म्हणजे पाठवू नका, आणा. कुरिअर करायचं नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण तुझ्या नवऱ्याचा काही नेम नाही.

तुझी सासू,
शेवंती

*

कोपर
गुरुवार, १३ नोव्हेंबर

चि. सौ. संचिता हिस,

पलंग, खुर्ची, उशी आली. टेम्पोवाल्याने माझ्या चपलाही आणून दिल्या, त्यातली एक तुझी आहे. देव आले नाहीत. तुझी व्हॉइस नोट आली, ती मी ऐकली. मध्येच तू कुणाला तरी "एक मिनिट, सासूबाईंना पाठवतेय" असं म्हणालीस, तेही ऐकलं.

तू म्हणतेस ते मला समजलं आहे का, हे मी माझ्या शब्दांत लिहून पाहते. मास्तरणीची खोड आहे, सोसून घे. कंपनीने नोकरीची जागा बदलली म्हणून घर हलवायला जो खर्च झाला, बांधाबांध आणि ट्रक, तो कंपनी बिल पाहून देते, आणि तेवढ्यावर तुला आयकर लागत नाही, कारण तो पगार नव्हे, नोकरीसाठी झालेला खर्च आहे. घराच्या दलालाला दिलेले पैसे कंपनीने भरून दिले तर मात्र ते पगारात धरतात आणि कर कापतात. आणि स्वतःच्या खिशातून घर हलवलं तर पगारदाराला त्याची कसलीही वजावट नाही. इथपर्यंत बरोबर आहे ना?

आता पुढचं. तुमच्या कंपनीत नवरा-बायकोला छोटा टेम्पो मंजूर होतो. सोबत सांभाळायचं माणूस असेल तर मोठा ट्रक. छोट्या टेम्पोत तुमचं कपाट मावत नव्हतं. म्हणून संदेशने डोकं लढवलं आणि तिसरं माणूस म्हणून माझं नाव घातलं. तू घाईत न वाचता ते अपलोड करून टाकलंस. आता कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांना माझी सही हवी आहे, की होय, मी कोपरचं घर सोडून तुमच्याबरोबर राहायला आले आहे. आणि चौकशीला कुणी घरी आलंच तर देव्हारा दिसलेला बरा, म्हणून देव तूर्त तिथेच असू देत, अशी संदेशची सूचना आहे.

खंडोबाला पुरावा म्हणून ठेवलंत! धन्य आहे.

अगं, मी जन्मभर पोरांच्या खोट्या रजेच्या चिठ्ठ्या पकडल्या. "आजी वारली" म्हणून एकाच आजीला तीनदा मारणारी पोरं मी पाहिली आहेत. आणि आता मी लिहून देऊ की मी घोडबंदरला राहते? सकाळी दूधवाला कोपरला दूध टाकतो ते कोण पितं मग?

मला काय खुपलं ते सांगू? सांगत नाही. तुळशीला पाणी घालायचं आहे.

देवांपुढे दिवा लावते आहेस का? संदेशला विचारू नको, तो "हो" म्हणेल. तू स्वतः लाव. फुलं मिळत नसतील तर नुसती हळद वाहा.

शेवंती

*

कोपर
मंगळवार, १८ नोव्हेंबर

संचिता,

आज आशीर्वादाची ओळ गाळली आहे. वैताग आला आहे मला.

काल संदेश आला होता. सोबत तो फॉर्म, जागोजागी पेन्सिलने फुल्या मारून आणलेला, आणि समोसे. समोसे आणले की आई विरघळते असं त्याला शाळेत असल्यापासून वाटतं. म्हणतो, "आई, ते फक्त फॉर्मॅलिटी आहे गं. कोण बघतंय?" मी म्हटलं, कुणी बघत नसेल तर सही तरी कशाला हवी? त्यावर त्याने समोशांची पुडी पुढे सरकवली.

फॉर्म मी वाचला. इंग्रजी मला येतं, हे तुझ्या नवऱ्याच्या अधूनमधून लक्षात राहत नाही. त्यात लिहिलं आहे की मी कर्मचाऱ्यावर अवलंबून आहे. कुणी लिहिलं हे? माझी पेन्शन येते. वीजबिल मी भरते. मागच्या दिवाळीत तुमच्या वॉशिंग मशीनला निम्मे मी घातले. मी तुझ्यावर अवलंबून? घरातली डाळ कुठल्या डब्यात आहे हे तुला अजून विचारावं लागतं, आणि मी अवलंबून!

मग जाताना, चपला घालता घालता, तो खरं बोलला. तुझ्या साहेबांनी तुला बोलावून विचारलं. तुला नुकतंच टीमचं प्रमुख करायचं चाललं होतं. सही गेली नाही तर सगळं बिल खोटं ठरेल, आणि खोटं बिल दिलं म्हणून तुझ्या नावावर ठपका बसेल, कदाचित नोकरीवरही येईल. "केलं मी, आणि भोगणार ती," असं म्हणाला. डोळे पुसले त्याने. समोसे आणायच्या आधी हे बोलला असता तर मी त्याला जेवायला थांबवलं असतं.

तुझ्या व्हॉइस नोटमध्ये यातलं काही नव्हतं. नोकरीचं तू माझ्यापासून लपवलंस. का? मी घाबरेन म्हणून, की मी दयेने सही करू नये म्हणून? तू मानी आहेस, हे मला लग्नाच्या बोलणीतच कळलं होतं, तेव्हा ते आवडलंही होतं.

आता गेल्या वेळी जे लिहायचं टाळलं ते लिहिते, कारण नाहीतर हा राग तुला नुसता देवांवरून वाटेल. घर बघायला तुम्ही दोघं घोडबंदरला किती वेळा गेलात. परत येऊन मला लिफ्ट सांगितलीत, तळमजल्यावरचं दुकान सांगितलंत, खाडीकडचा वारा सांगितलात. एकदाही कुणी म्हणालं नाही, "आई, तुम्ही येता का?" मी नाहीच म्हणाले असते. नक्की नाही म्हणाले असते! पण विचारायचं की नाही? तुम्ही धरून चाललात की आई कोपर सोडायची नाही. खऱ्या घरात मला जागा धरली नाही, आणि कागदावर मात्र मोठा ट्रक हवा म्हणून मी तिसरी. गंगुबाई थट्टेत म्हणाल्या तेच झालं. देवांना नेलं, मला ठेवलं. मला लागलं ते इथे.

फॉर्म माझ्याकडे आहे. सही केलेली नाही. खोटी सही मी करणार नाही, तुझ्या नोकरीसाठीही नाही, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाही आहे. ती सही खरी होईल असा एक मार्ग आहे, तो तुलाही कळतो आणि मलाही. पण तो मी सुचवायचा नाही. मी माझी पिशवी घेऊन तुझ्या दारात उभी राहायची नाही.

रोज संध्याकाळी देव्हाऱ्याच्या रिकाम्या जागी निरांजन लावते. भिंतीवर देव्हाऱ्याच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिला आहे. त्याला नमस्कार करताना फार मूर्खासारखं वाटतं, तरी करते.

चंपाषष्ठी आठवड्यावर आली. भरताची वांगी आणायची की नाही ते कळव.

शेवंती

*

कोपर
रविवार, २३ नोव्हेंबर, संध्याकाळ

चि. सौ. संचिता हिस,

अनेक आशीर्वाद. आज मनापासून आहेत, तरी पुढे दोन-चार शब्द ऐकून घ्यावे लागतीलच.

तू आत्ताच गेलीस. जिन्यावरचा तुझ्या चपलांचा आवाज थांबला आणि मी लिहायला बसले. समोर होतीस तेव्हा मला बोलता आलं नाही. तू म्हणशील, बोलता आलं नाही? तासभर तर ओरडत होतात! ते ओरडणं होतं. बोलणं राहिलं.

दार उघडलं तर तू उभी. मांडीवर घेऊन बसून बसून ओढणीचा पार बोळा झालेला, आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला, देव ठेवलेला पितळी डबा. घंटी कोपराने वाजवलीस. रविवार असूनही घोडबंदर रोडच्या खोदकामात बस दीड तास अडकली, तरी शेजारच्या बाईने "डबा खाली ठेव, मी बघते" म्हटलं तेव्हा ठेवला नाहीस. पाणी प्यायली नाहीस. हे सगळं मी तुला विचारून विचारून काढलं. तुला कुणी सांगितलं होतं पाणी पिऊ नको म्हणून? तुझ्या सासऱ्यांनी चहा प्यायला नव्हता, तो त्यांचा हट्ट होता, रीत नव्हती! तोंड सुकून गेलं होतं तुझं. पित्ताचा त्रास आहे आणि ही उपाशी बसमध्ये. तुम्हां दोघांना कधी काय कळणार आहे देव जाणे.

मग तू सांगितलंस. माझं मंगळवारचं पत्र वाचलंस आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच साहेबांकडे गेलीस. तिसरं माणूस आमच्याबरोबर राहत नाही, बिल चुकीचं दिलं गेलं, चूक माझी, असं लिहून दिलंस. त्यांनी तुमच्या स्वतःच्या सामानापुरतं तेवढं मान्य केलं, बाकीचं पगारात धरून त्यावर कर कापला. टीमसमोर बोलणी खाल्लीस. प्रमुखपद लांबलं, "बघू पुढच्या वर्षी" म्हणाले. नवऱ्याचं नाव पुढे केलं नाहीस. हे तू पोह्यांतले शेंगदाणे वेचत, मान खाली घालून सांगितलंस. मी त्यावर काय म्हणाले? "पोहे गार होताहेत." एवढंच म्हणाले मी! माझी मलाच चीड आली.

आणि तू उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहून, डबा आत आणण्याआधी जे विचारलंस, त्याला तर मी उत्तरच दिलं नाही. मी ते इथे जसंच्या तसं लिहून ठेवते, म्हणजे उद्या तुझा नवरा "असं कुठे म्हणाली?" म्हणायला नको. तू म्हणालीस, "आई, तुमचं नाव मी बिलातून काढलं. आता तुम्ही आलात काय नि नाही आलात काय, कंपनीला काहीच घेणं-देणं नाहीये. म्हणून आता विचारते. याल का आमच्याकडे राहायला?"

मी काय केलं, तर बसला उशीर का झाला म्हणून तुझ्यावर ओरडले.

संचिता, ओरडले नसते तर रडले असते. आणि दारात उभं राहून सुनेसमोर रडायचं, समोर गंगुबाईंचं दार उघडं, हे मला जमलं नसतं.

देव त्या पांढऱ्या चौकोनासमोर पाटावर मांडले आहेत. भवानीच्या पाठीला त्या प्लास्टिकचा एक बुडबुडा चिकटून राहिला होता, तो काढला. मुकादमाची कर्तेपणाची मुदत आज संपली, त्याला आता तळीला बोलवायला नको. देव तुझ्या हातून उंबऱ्याच्या आत आले. रीत काय सांगते ते तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. ते लिहिताना मला माहीत नव्हतं की मी तुझ्याबद्दल लिहिते आहे.

उत्तर हे आहे. बुधवारी चंपाषष्ठी. तू रजा टाक, संदेशलाही टाकायला लाव. भरीत-रोडगा मी करते, वांगी आणून ठेवली आहेत, तुझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. तळी इथेच भरू, या घरात शेवटची. मग देवांच्या पाटापुढे दिवा लावू, आणि टाक मी नाही, तू उचलायचेस. वाटेत पाणी प्यायचं, ही माझी आज्ञा समज. मी तुमच्याबरोबर येते. राहायला. हे घर बंद करून किल्ली गंगुबाईंकडे देणार आहे, अधूनमधून येऊन त्यांच्याशी भांडायला मला जागा हवी.

तिथे डाळीचे डबे मी लावीन. संदेश समोसे आणणार नाही. आणि माझं काही ठरवायचं असेल तर आधी मला विचारायचं, मी चहा गाळत असले तरी.

पॅकर्सना बोलवू नकोस. माझे कपडे एका बॅगेत मावतात, आणि तुळस माझ्या मांडीवर येईल, कारण झाडं ते नेत नाहीत. रिक्षा ठाण्यापर्यंतची मी ठरवली आहे, पुढची घोडबंदरपर्यंतचीही मीच ठरवीन. हे पत्र टपालात टाकत नाही, बुधवारच्या आत मिळायचं नाही. फोटो काढून पाठवते. वाचलंस की फोन कर, आज उचलीन.

तो फॉर्म मी फाडला नाही. मागची बाजू कोरी आहे, हे पत्र त्यावरच लिहिते आहे. तुझ्या साहेबांनी कधी विचारलंच, की सासूबाई शेवटी आल्या का, तर सांग, आल्या. ट्रक लागला नाही. बिल येणार नाही. वजावट मिळत नाही हे त्यांना माहीत आहे.

स्वखर्चाने आल्या.

तुझी,
आई